गाडीला पंख कशाला?

वाचकांचे प्रश्न, गॅरेजवाल्या काकांची उत्तरं

गेल्या वेळी या सदरात मी सहज एक ओळ टाकली होती की २०२७ पासून मोटोजीपीची, म्हणजे मोटरसायकल रेसच्या सगळ्यात मोठ्या वर्ल्ड चँपियनशिपची, गाडी बदलतेय आणि मला त्याचा भयंकर आनंद झालाय, तर त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आलेत की बस. काहींनी शिव्यापण घातल्यात, त्या पोचल्या. आता आंबा संपलाय, आगोट भरून झालीय, बाहेर पाऊस धरून बसलाय आणि गॅरेजात दुपारी गिऱ्हाईक म्हणून फिरकत नाही, सगळ्यांच्या गाड्या पडवीत ताडपत्रीखाली. म्हटलं बसू निवांत. यावेळी फक्त रेसिंग आणि गाडीतल्या नव्या टेक्निकचेच प्रश्न घेतलेत, एव्हरेजवाल्यांनी रागावू नये, तुमचं पुढच्या अंकात.

देवगडहून एक आई विचारतात: माझो झील दर आयतवारी मोबायलार रेस बगता. त्या गाडयेक फुडे पंख, बाजूक पंख, मागे पंख. ही गाडी आसा काय इमान? आणि उडाचा नाय तर पंख व्हये कित्याक?

वहिनी, पहिला नंबर तुमचा. तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे, हे विमानाचेच पंख आहेत फक्त उलटे लावलेत. विमानाचा पंख वर उचलतो, हा खाली दाबतो. आता दाबायचं कशाला? तर ती गाडी १५७ किलोची, म्हणजे दोन धडधाकट माणसं आणि वर एक आंब्याची पेटी एवढंच वजन, आणि ताकद अडीचशे घोड्यांच्या वर. एवढ्या हलक्या गाडीला एवढी ताकद दिल्यावर एक्सलेटर पिळला की पुढचं चाक हवेत. पुढचं चाक हवेत गेलं की काँप्युटर ताकद कापतो, ताकद कापली की टाइम गेला. मग डुकाटी कंपनीवाल्यांनी २०१५ च्या आसपास डोकं लढवलं की वाऱ्यानेच चाक खाली दाबून धरू, म्हणजे ताकद कापायची वेळच येणार नाही. तेव्हा लोक हसले होते, मीपण हसलो होतो, म्हटलं गाडीला मिश्या कसल्या लावल्यात. धारदार पंख पडताना दुसऱ्याला लागतील म्हणून २०१७ ला तसले सुटे पंख बंद केले, तर या लोकांनी तेच पंख वाकवून फेअरिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या कवचात, घुसवले. आणि आता बघा, एकपण गाडी बिनपंखाची नाही.

आता माझी तक्रार काय ती सांगतो. तुम्ही कधी हायवेला स्कूटरवर एसटीच्या मागे गेलात का? अगदी जवळ गेलं की वारा लागायचा बंद होतो, गाडी हलकी होते, आणि ओव्हरटेकला जरा बाहेर आलं की एकदम फटका बसतो, पदर, ओढणी, टोपी काय असेल ते उडतं. रेसमध्ये अगदी हेच होतं. पुढच्या गाडीचे पंख हवा अशी काय घुसळून टाकतात की मागच्याच्या पंखांना काम करायला सरळ हवाच मिळत नाही, म्हणजे ऐन ब्रेकिंगच्या वेळी दाब कमी. वर पुढच्या गाडीची गरम हवा थेट मागच्याच्या पुढच्या टायरवर, टायर तापतो, आतली हवा फुगते, पकड जाते, आणि वळणात हँडल हातात राहतं पण चाक निघून जातं. म्हणून मागचा माणूस दोन लॅप, म्हणजे ट्रॅकच्या दोन फेऱ्या, जवळ जातो आणि मग शहाण्यासारखा लांब होतो. पूर्वी शेवटच्या लॅपला चार-चार वेळा पुढेमागे व्हायचे, आता बऱ्याच रेस पहिल्या दोन वळणांतच ठरतात. तुमचा झील जे बघतो ना वहिनी, त्यातला अर्धा वेळ मिरवणूकच असते.

आणि पंखांपेक्षा मला जास्त डोक्यात जाते ती दुसरी भानगड, राइड हाइट डिव्हाइस. वळणातून बाहेर पडताना रायडर एक खटका दाबतो आणि गाडीची मागची बाजू खाली बसते, मांजर उडी मारायच्या आधी बसतं ना तशी. गाडी बुटकी झाली की चाक उचलत नाही, सगळी ताकद रस्त्यात जाते. पुढे ब्रेक मारला की गाडी परत उभी. यात इलेक्ट्रिक काय नाही हां, नियमच आहे की सस्पेन्शनला काँप्युटर लावायचा नाही, हे सगळं नुसतं तेलाच्या दाबावर आणि स्प्रिंगवर. डोकं किती लावलंय बघा. एक मेकॅनिक म्हणून मी त्यांना हात जोडतो. पण रेस बघणारा म्हणून विचारतो की याचा मला उपयोग काय? यामुळे २०२३ ला इटलीत मुजेलोच्या ट्रॅकवर ब्रॅड बिंडरची केटीएम ताशी ३६६.१ किलोमीटरने गेली, म्हणजे सेकंदाला शंभर मीटर. आकडा ऐकायला बरा वाटतो, टीव्हीवर मात्र ३४० आणि ३६६ मध्ये काडीचा फरक कळत नाही.

२०२७ ला हे बसणंउठणं पूर्ण बंद, स्टार्टला गाडी दाबून ठेवायची ती पण सोय बंद, पंख पुढून ५० मिलिमीटरने अरुंद, आणि इंजिन १००० सीसीवरून ८५०. म्हणून मला आनंद झालाय, आणि ज्यांनी मला "तुम्ही टेक्नॉलॉजीचे दुश्मन आहात" असं लिहिलं त्यांना सांगतो, माझा हिशोब साधा आहे. रेसमध्ये निघालेली गोष्ट उशिरा का होईना आमच्या वाडीतल्या गाडीत येणार असेल तर हजार वेळा करा. यामाहाने २००४ च्या रेसच्या गाडीत क्रँकची, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याची, रचना बदलली, पाच वर्षांत ती २००९ च्या आर-वनमध्ये दुकानात विकायला आली, याला म्हणतात काम. पंख आणि ही बसकी कुठे येणार आहे? आमच्याकडे ताशी ६० ला गेलं तरी पुढे म्हैस उभी असते.

चिपळूणचा एक कॉलेजवाला विचारतो: मोटोजीपीतल्या मार्क मार्केझच्या गाडीत एबीएस नाही असं वाचलं. मग आम्हाला कशाला? आमच्या ग्रुपमध्ये दोघांनी फ्यूज काढून टाकलाय, गाडी ड्रिफ्ट मस्त होते म्हणतात.

बाळा, वाचलंस ते बरोबर आहे. मोटोजीपीत एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, चालत नाही, नियमात नाही. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक जागच्या जागी फिरू न देणारं, ते चालतं, चाक उचलू नये म्हणून काँप्युटर चालतो, २०१६ पासून सगळ्यांना एकच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा काँप्युटर, आणि एकच सॉफ्टवेअर, पण ब्रेक हाताचाच. आता तू पुढचं वाच.

मार्केझच्या गाडीला पुढे कार्बनच्या डिस्क आहेत, ३४० मिलिमीटरच्या, काही ट्रॅकवर त्याहून मोठ्या. कार्बन गार असताना धरतच नाही, दोनशे-अडीचशे डिग्रीच्या वर गेला की मग चावायला लागतो. तुझ्या गाडीला ती डिस्क लावली तर तू बहादूरशेख नाक्याच्या सिग्नलला थांबणारच नाहीस, सरळ जाशील. त्याचा ट्रॅक झाडलेला, कोरडा, रोज तीच वळणं, समोरून कोण येत नाही, पडला तर खडीचा ढीग, अंगात एअरबॅगचा सूट, तो २०१८ पासून सक्तीचा आहे. तुझ्याकडे काय आहे? परशुराम घाट, जुलै महिना, वळणावर डोंगरातून आलेली लाल माती, त्यावर डंपरने सांडलेलं डिझेल, आणि समोरून मधली लाइन सोडून येणारी लक्झरी. त्याला माहितीये की पुढच्या वळणाला कुठे ब्रेक मारायचा, तुला माहीत नाही की पुढच्या वळणाला काय आहे. एबीएस हे न माहीत असलेल्या वळणासाठी असतं रे.

माझंच सांगतो. चारेक वर्षं झाली, ऑगस्ट, गणपती जवळ आलेले, मी गिऱ्हाइकाची गाडी ट्रायल मारायला नेली, जुनी बिनएबीएसची. आमच्या वाडीत जांभ्याच्या गडग्याच्या कडेने एक उताराचा रस्ता आहे, वर आंब्याची झाडं, ऊन म्हणून पडत नाही, पावसात त्यावर हिरवं शेवाळ धरतं, बघून कळतपण नाही. कोंबडी आडवी आली. चाळीस वर्षं गाडी चालवतोय, हजार लोकांना सांगितलंय की ओल्यात पुढचा ब्रेक हळू दाबा, आणि माझ्याच बोटांनी तो गच्च दाबला. चाक लॉक झाल्याचं मला कळलं तेव्हा मी आधीच गडग्याला टेकून बसलो होतो. चड्डीला हिरवा डाग, कोपर सोललेलं, लिव्हर वाकडा, आणि कोंबडी आपली बाजूला उभी राहून बघतेय. गिऱ्हाइकाला नवीन लिव्हर, नवीन इंडिकेटर माझ्या खिशातून. स्पीड किती असेल? वीस. वीस रे.

बोटाला कळायच्या आत चाक लॉक होतं, म्हणून ते काम मशीनला दिलंय. सेकंदाला कितीतरी वेळा ब्रेक सोडतं, धरतं, सोडतं, लिव्हरला टकटक लागतं ना तेच. आपल्याकडे २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, तरी त्यात पण सिंगल चॅनलवाले फक्त पुढच्या चाकाला देतात, त्यामुळे गाडी घेताना ड्युअल, म्हणजे दोन्ही चाकांना, आहे का विचार. आता तर त्याच्या पुढचं आलंय, सीटखाली एक काडेपेटीएवढा सेन्सर असतो, गाडी किती कलली ते त्याला कळतं आणि वळणात झुकलेला असताना ब्रेक मारलास तर त्या हिशोबाने ब्रेक सोडतो. चाकणला बनणाऱ्या ३९० ड्यूकमध्ये ते आहे. हा बघ, गाडी किती झुकली हे मोजायचा धंदा रेसवाल्यांनी वाढवला, ते साठ डिग्रीच्या वर झुकतात ना, आणि तो सेन्सर आज घाटात तुला वाचवतोय. हे झालं वाडीपर्यंत येणं.

फ्यूज परत लाव. दोघांना पण सांग. ड्रिफ्ट करायचाच असेल तर भात कापल्यावर मळ्यात सायकल घेऊन जा.

राजापूरहून एक रिटायर्ड मास्तर लिहितात: माझ्याकडे १९९१ ची आरएक्स १०० अजून आहे. ५०० सीसी टू-स्ट्रोकच्या रेस बंद का केल्या ते सांगा. आणि नव्या पेट्रोलने ही गाडी मरेल का?

मास्तर, तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा गॅरेजच्या मागे जाऊन माझ्या आरएक्सवरचं कापड काढलं. ९८ सीसी, ११ घोडे, शंभर किलोच्या आसपास गाडी, आणि तो आवाज. १९८५ ते १९९६ एवढीच बनली, पण अजून कोकणात कुठल्याही गावात जा, एक तरी पोरगा तिच्यावर आंबा विकून आलेले पैसे ओततोय.

टू-स्ट्रोकचं कसं, क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांना एक. त्यामुळे तेवढ्याच सीसीत टू-स्ट्रोक जास्त ताकद काढतो, भाग कमी, वजन कमी. ५०० ची जीपी गाडी १३० किलोच्या आसपास आणि ताकद पावणेदोनशे घोड्यांच्या पुढे, आणि ती ताकद पण हळूहळू येत नाही, खाली काहीच नाही, काहीच नाही, आणि मग एकदम लाथ. काँप्युटर नाही सांभाळायला. तुमच्या आरएक्सला तिसऱ्यात जे होतं त्याच्या पंधरावीस पट धरा. होंडाने १९९२ ला चारही सिलेंडरचे स्फोट जवळजवळ आणले, म्हणजे टायरला मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळाला, तेव्हा कुठे ती जरा माणसात आली, त्या गाडीला बिग बँग म्हणायचे. होंडाच्याच मिक डूहनने १९९४ ते ९८ सलग पाच टायटल काढली आणि ते पण ९२ ला पाय जवळजवळ गमावल्यावर. मला कोणी विचारलं ना की सगळ्यात कठीण काय तर मी डूहनच सांगणार.

बंद का केल्या तर दुकानात टू-स्ट्रोक मरायला लागल्या होत्या. तेल जाळतात, धूर करतात, अर्धवट पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर टाकतात, युरोपात काय आणि आपल्याकडे काय धुराचे नियम कडक झाले, मग कंपन्या म्हणाल्या जे विकायचं नाही त्याच्यावर रेसिंगचा खर्च कशाला करू. २००१ चं ५०० सीसीचं शेवटचं टायटल व्हॅलेंटिनो रॉसीचं, आणि २००२ ला ९९० सीसी फोर-स्ट्रोक आल्या. त्या वर्षी दोन्ही एकत्र पळाल्या, ५०० विरुद्ध ९९०, म्हणजे पोराला बापाशी कुस्ती लावल्यासारखं. जपानच्या सुझुका ट्रॅकवर पहिलीच रेस पावसात, रॉसीच जिंकला, फोर-स्ट्रोकवर. वर्ष संपेपर्यंत टू-स्ट्रोकवाले सगळे नव्या गाडीसाठी रांगेत. वाईट वाटलं होतं मला, खोटं कशाला बोलू, पण धुराने खोकत गाडी ट्यून करणारा पण मीच होतो.

आता पेट्रोल. मोटोजीपीत २०२४ पासून ४० टक्के पेट्रोल खनिज नसलेलं लागतं, २०२७ ला शंभर टक्के. आपल्याकडे इथेनॉल आलंय, वीस टक्के. घाटावरचा ऊस आपल्या टाकीत असं समजा. नवीन गाड्या त्या हिशोबाने बनवतात, तुमची ९१ ची नाही. मरणार नाही, पण आजारी पडेल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं, पापड कुरकुरीत राहत नाही तिथे पेट्रोल काय राहणार. गाडी महिना-दीड महिना उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, टाकीला आतून गंज, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरा-हिरवा साका, आणि रबराचे जुने वायसर फुगतात. गेल्या पावसानंतर माझ्याकडे नऊ आरएक्स आल्या, नऊच्या नऊ याच दुखण्याच्या. उपाय सोपा आहे. गाडी पावसात उभी करायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन चालू ठेवायचं, वाटीतलं पेट्रोल संपून गाडी आपसूक बंद पडेपर्यंत. टाकी एकतर काठोकाठ भरून ठेवा नाहीतर पूर्ण रिकामी करा, अर्धी ठेवू नका, अर्ध्या टाकीतल्या हवेतच पाणी धरतं. पेट्रोलची नळी आणि वायसर एकदा नवीन टाकून घ्या, इथेनॉल सोसणारे मिळतात, विचारून घ्यायचे. टूटी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल, ते मात्र स्वस्तातलं नको.

आणि ती विकू नका. पुण्याचे लोक येतील, भरमसाट किंमत सांगतील.

गुहागरहून एक ताई विचारतात: आमच्या घरात नवरा रॉसीचा आणि मुलगा मार्केझचा, रविवारी जेवण गार होतं. तुम्ही कोणाचे? आणि बायकांचं या खेळात काही आहे की नाही?

ताई, मला यात ओढू नका, पण ओढलंतच तर ऐका. दोघांची बेरीज सारखीच आहे, एकूण नऊ-नऊ वर्ल्ड टायटल, त्यातली सात-सात मोठ्या क्लासची. तुमच्या मिस्टरांना २०१५ चं विचारा, डोळे लाल होतील. मलेशियात सेपांगला दोघांची टक्कर झाली, मार्केझ पडला, रॉसीला शिक्षा म्हणून शेवटच्या रेसला सगळ्यात मागून सुरुवात, तिथून चौथा आला तरी टायटल पाच पॉइंटने त्याच्याच टीममधल्या लोरेंझोकडे गेलं. रॉसीला दहावं कधी मिळालंच नाही. त्या दिवसापासून जगात दोन पार्ट्या पडल्यात, तुमचं घर त्यातलंच एक.

मी पिवळ्या टोपीवाला होतो, म्हणजे रॉसीचा. गॅरेजात ४६ नंबरचा स्टिकर अजून आहे. पण मार्केझने मला २०२५ ला तोडलं. २०२० च्या जुलैत स्पेनमध्ये हेरेझच्या ट्रॅकवर उजवा दंड मोडला, चार ऑपरेशनं झाली, होंडा सोडली, स्वतःहून खालच्या टीममध्ये गेला आणि शेवटी २८ सप्टेंबर २०२५ ला जपानमध्ये परत चँपियन, आधीच्या टायटलनंतर २,१८४ दिवसांनी. मी मोबाइल आंब्याच्या फांदीला बांधून बघत होतो, घरात रेंज नसते. शेवटच्या लॅपला चाक फिरत राहिलं, स्क्रीनवर, बफरिंगचं. तो चँपियन झालाय हे मला शेजारच्या पोराच्या ओरडण्यावरून कळलं.

मुलाला एक गोष्ट सांगा, त्या वर्षीची पहिली रेस, थायलंड. मार्केझ पहिला चाललाय आरामात, आणि सातव्या लॅपला उगाच हळू होऊन धाकट्या भावाला, अ‍ॅलेक्सला, पुढे जाऊ देतो. लोकांना कळेना काय झालं, गाडी बिघडली काय. तर नियम असा आहे की पुढच्या टायरमध्ये हवा १.८ बारच्या खाली जाऊन चालत नाही, आपल्या पंक्चरवाल्याच्या भाषेत २६, आणि निदान ६० टक्के लॅप ती त्याच्या वर असायला हवी, नाहीतर १६ सेकंदांचा दंड. हा पुढे एकटा होता, गार वारा थेट टायरवर, हवा फुगेचना. म्हणून भावाच्या मागे जाऊन बसला, त्याच्या गाडीच्या गरम हवेत टायर शेकत बसला सोळाएक लॅप, हिशोब पुरा झाला आणि शेवटच्या तीन लॅप उरल्यावर परत पुढे जाऊन जिंकला. वर मी पुढच्या गाडीची गरम हवा सांगितली ना, तीच, फक्त याने तिचा चुलीसारखा उपयोग केला. नियम मला मूर्खासारखा वाटतो, रेस जिंकलेल्या माणसाला रात्री हवा कमी होती म्हणून मागे ढकलायचं म्हणजे काय, पण त्याच्या डोक्याला सलाम. ताशी ३०० ला डोक्यात पंक्चरवाल्याचा हिशोब चालू.

बायकांचं विचारलंत. बंगळुरूची ऐश्वर्या पिस्से, २०१९ ला एफआयएमचा, म्हणजे मोटरसायकल रेसच्या जागतिक संघटनेचा, बाहा वर्ल्ड कप (मातीवाळूतल्या रॅलींचा) महिलांमध्ये जिंकली, मोटरस्पोर्टमधलं भारतातलं पहिलं वर्ल्ड टायटल, पुरुष धरून पहिलं हां. त्याच्या आदल्या वर्षी स्पेनमध्ये पडून पोटात जबर लागलं होतं. जेवण गार झालं की दोघांना तिचा फोटो दाखवा आणि ताटं उचलायला लावा.

मालवणहून: इलेक्ट्रिक स्कूटर घेतलीय. इलेक्ट्रिकच्या रेसपण असतात ना?

होत्या. मोटो-ई, २०१९ ते २०२५. सुरुवातच आगीने झाली, पहिला सीझन सुरू व्हायच्या आधी हेरेझला टेस्टिंगला आग लागून सगळ्या गाड्या जळाल्या, परत बनवाव्या लागल्या. शेवटच्या डुकाटीच्या गाड्या २२५ किलोच्या, बॅटरीचं वजनच वजन, त्यामुळे रेस सात-आठ लॅपची, चहा गाळेपर्यंत संपली. लढाई चांगली व्हायची, खरं सांगतो, पण लोकांनी बघितलीच नाही आणि २०२५ नंतर गुंडाळून ठेवलीय. माझं मत विचाराल तर आवाज नाही म्हणून लोक आले नाहीत. शंकरपटाला बैल धावतात तिथे पण लोक हाळ्या घालायलाच जातात ना.

तुमच्या स्कूटरला त्याचा काय संबंध नाही, ती मस्त आहे. फक्त किनाऱ्यावर लावत जाऊ नका, खारा वारा कनेक्टर खातो. पंधरा दिवसांनी चार्जिंगचं भोक कोरड्या फडक्याने पुसा. पाण्याचा प्रेशर तिथे मारायचा नाही, वॉशिंगवाल्याला आधीच दम द्या.

रत्नागिरीहून एक बाबा विचारतात: मुलगा अकरा वर्षांचा आहे, रेसर व्हायचं म्हणतो. भारतातला कोणी मोटोजीपीत का नाही? काय करू?

साहेब, तिकडची पोरं चार-पाच वर्षांची असताना छोट्या गाडीवर बसतात, गल्लोगल्ली गो-कार्टचे ट्रॅक. आपल्याकडे धड ट्रॅक म्हणावेत तर चेन्नईजवळचा, कोइंबतूरचा, आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. रत्नागिरीतून सगळ्यात जवळचा म्हटला तरी रात्रभर प्रवास. मोटोजीपी भारतात एकदाच आली, सप्टेंबर २०२३, बुद्धला. उन्हाने एवढे हाल झाले की रेस २४ लॅपवरून २१ वर आणली, मार्को बेझेकी जिंकला, दुसरा आलेला मार्टिन रेस संपल्यावर उन्हाने पार गळून गेला होता. पुढच्या वर्षी परत येणार होते, आले नाहीत. मी तिकिटाचे पैसे जमवत होतो, त्या पैशात मग पडवीचे पत्रे झाले.

पण मातीत आपले लोक पुढे आहेत. सी. एस. संतोष २०१५ ला डाकार रॅली, म्हणजे वाळवंटातली लांब पल्ल्याची रेस, पूर्ण करणारा पहिला भारतीय, ३६ वा आला. हरित नोआ २०२४ ला त्याच रॅलीत एकंदरीत अकरावा आणि रॅली-टू या दुसऱ्या क्लासमध्ये पहिला, सौदीच्या वाळवंटात. त्याच वर्षी आपल्या हिरो कंपनीच्या टीमची गाडी दुसरी आली, चालवणारा रॉस ब्रँच, बोट्स्वानाचा. म्हणजे गाडी करता येते आपल्याला, माती पण आहे.

तर तुमच्या मुलाला डांबराच्या आधी मातीवर बसवा. मोटरसायकल आत्ता नकोच, आत्ता सायकल द्या, जाड टायरची, आणि पाऊस संपला की एखाद्या कातळावर न्या जिथे गाड्या येत नाहीत. जांभ्याच्या सुट्या खडीवर मागचं चाक सरकलं की घाबरून ब्रेक न दाबता शरीर कुठे न्यायचं हे तिथे येईल ते कुठल्या शाळेत येत नाही. हेल्मेट, गुडघे, कोपरं, हातमोजे, हे आधी, सायकल नंतर. दोन वर्षांनी पण तो पडून उठून परत चढत असेल तर बघू. खर्चाचा आकडा मी इथे लिहीत नाही, तुमच्या मिसेस वाचतील. गॅरेजात या, त्यालाही घेऊन या. शनिवार सोडून, शनिवारी लाइट नसते.